गुप्त मत आणि उघडी वस्ती : नांदेड-लातूरच्या मतदानाचा इतिहास

निवडणूक झाली की वृत्तपत्रांतून टक्केवारी छापून येते. २० नोव्हेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र विधानसभेसाठी सुमारे ६६ टक्के मतदान झाले, आणि १९९५ नंतरचे हे सर्वाधिक मतदान म्हणून त्याचे कौतुक झाले. १९९५ साली हा आकडा जवळजवळ ७२ टक्के होता. लोकशाही रुजली, खेड्यातल्या माणसाचा मतपेटीवरील विश्वास वाढला, असे निष्कर्ष या आकड्यांवरून काढण्याची आपल्याकडे रीत आहे. त्यांना माझा सरसकट विरोध नाही. परंतु नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतील गावकुसाबाहेरच्या माणसांनी गेली सत्तर वर्षे जे मतदान केले त्याचा इतिहास पाहू लागलो म्हणजे एक प्रश्न टाळता येत नाही. केंद्रावर किती माणसे आली एवढेच टक्केवारी सांगते. निकाल लागल्यानंतर त्या माणसांना गावात निर्भयपणे राहता आले काय, हे तिच्यातून कळत नाही. या प्रश्नाचे उत्तर मताच्या गुप्ततेशी निगडित आहे, आणि ही गुप्तता आमच्या वस्त्यांना अद्यापि पुरतेपणी लाभलेली नाही, हे मला येथे मांडावयाचे आहे.

या दोन जिल्ह्यांत मताचा हक्क कसा आला हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. मुंबई इलाख्यातील दलितांना हा हक्क टप्प्याटप्प्याने आणि झगडून मिळाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष दिली, १९२८ साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकाराची मागणी केली. गोलमेज परिषद झाली, २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार झाला. १९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्ष उतरला आणि त्याचे बहुसंख्य उमेदवार निवडून आले. म्हणजे स्वातंत्र्यापूर्वीच तिकडील दलित समाजाला आपला पक्ष, आपला उमेदवार आणि आपले मत यांची ओळख झाली होती.

मराठवाडा निझामाच्या राज्यात होता. पुणे करार तेथे लागू नव्हता, १९३५ चा कायदा तेथे लागू नव्हता. १९३९ साली निझामाने ज्या सुधारणा जाहीर केल्या, त्यांत कायदेमंडळावरील प्रतिनिधी प्रदेशवार न निवडता व्यवसाय आणि हितसंबंध यांनुसार निवडावयाचे होते. जहागीरदार, जमीनदार, वकील, व्यापारी अशी ही वर्गवारी. ज्याच्या नावावर ना जमीन ना दुकान, ज्याने पिढ्यान्पिढ्या येसकरकी करावी आणि भाकरी मागून आणावी, त्याच्या हाती अशा योजनेत मत येण्याचा संभवच नव्हता. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर प्रथम लष्करी गव्हर्नर आले, नंतर १९५० पासून केंद्राने नेमलेले मुख्यमंत्री आले. लोकांनी निवडलेली पहिली विधानसभा १९५२ सालची. निझामाचा मुका प्रजाजन होता तो एकदम सार्वभौम प्रजासत्ताकाचा मतदार झाला. मधली पायरी कोणतीच नव्हती. औरंगाबादला बाबासाहेबांनी महाविद्यालय काढले ते १९५० साली. त्यातून शिकून पिढी बाहेर पडण्याच्या आधीच मतदान येऊन ठेपले. तरीही हैदराबाद राज्याच्या १७५ जागांच्या त्या विधानसभेत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे ५ आमदार निवडून आले, ही गोष्ट विसरता येणार नाही.

त्या काळची मतदानाची पद्धत आजच्या तरुण वाचकास ठाऊक असण्याचा संभव कमी आहे. १९५२ आणि १९५७ या दोन्ही निवडणुकांत मतपत्रिकेवर शिक्का मारावयाचा नसे. प्रत्येक उमेदवाराची निराळी पेटी पडद्याआड ठेवलेली असे आणि तिच्यावर त्याचे चिन्ह असे. मतदाराने कोरा कागद आपल्या पसंतीच्या पेटीत टाकावयाचा. निरक्षर माणसासाठी ही सोय होती. फेडरेशनचे चिन्ह हत्ती होते. शिवाय कित्येक मतदारसंघ द्विसदस्य होते. एक जागा सर्वसाधारण, दुसरी राखीव, आणि मतदाराला मते दोन. या पद्धतीत दुसरे मत कुजविण्याचा डावही खेळता येई. १९५२ साली उत्तर मुंबईत ७४ हजारांहून अधिक मते कुजली आणि बाबासाहेबांचा सुमारे १४ हजार मतांनी पराभव झाला, हा इतिहास सर्वश्रुत आहे.

परंतु याच पद्धतीने १९५७ साली नांदेडमध्ये निराळे घडविले. १९५६ च्या १ नोव्हेंबरला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला होता. १४ ऑक्टोबरला धम्मदीक्षा झाली होती आणि ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले होते. या दुःखात बुडालेला समाज अवघ्या काही महिन्यांत मतदानाला सामोरा गेला. फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत सामील होते. नांदेडच्या द्विसदस्य लोकसभा मतदारसंघातून फेडरेशनचे हरिहरराव सोनुले निवडून आले. पाच वर्षांपूर्वी प्रथमच मत देणाऱ्या समाजाने आपला माणूस दिल्लीला पाठविला.

माझे आजोबा नांदेड जिल्ह्यातील एका गावी सालगडी होते. त्यांनी त्या साली हत्तीच्या पेटीत कागद टाकला. आमच्याकडे सालगड्याचे साल पाडव्याला ठरते. मतदान पाडव्याच्या तोंडावर झाले होते. त्या पाडव्याला गावातील एकाही मोठ्या कुळाने आमच्या वस्तीतील माणूस सालाने ठेवला नाही. आजोबा ती गोष्ट सांगत तेव्हा त्यांच्या बोलण्यात राग नसे, नवल असे. ते म्हणत, "कागुद कोनी टाकला ते कुनी बघितलं न्हाई. पर पेटी कुनाच्या वस्तीनं भरली ते समद्यायला ठाव झालं." पेट्या केंद्रवार मोजल्या जात, आणि कोणत्या केंद्रावर हत्तीची पेटी भरली हे उमेदवारांच्या माणसांना दिसे. एका माणसाचे मत झाकलेले राही, आणि त्या माणसाच्या वस्तीचे मत मात्र सर्वांसमोर येई. माझ्या विवेचनाचा सारा मुद्दा आजोबांच्या या एका वाक्यात आहे.

१९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ रद्द झाले. १९६२ पासून सर्व उमेदवारांची चिन्हे एकाच मतपत्रिकेवर आली आणि शिक्का मारून ती एकाच पेटीत टाकण्याची पद्धत सुरू झाली. पुढे नियमांत आणखी एक महत्त्वाची तरतूद आली. मतदारांना धाकदपटशा होण्याची किंवा त्यांच्यावर सूड उगविला जाण्याची भीती असेल तेथे निरनिराळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मोजणीपूर्वी एकत्र मिसळण्याचा आदेश निवडणूक आयोगाला देता येतो. म्हणजे ही भीती खरी आहे, हे राज्यसंस्थेने स्वतःच लेखी मान्य केले आहे.

ही भीती कशाची, हे समजण्यासाठी १९७८ साल आठवावे लागते. त्या वर्षी फेब्रुवारीत विधानसभेची निवडणूक झाली आणि राज्यात सुमारे ६७ टक्के मतदान झाले. याच विधानसभेने आणि विधान परिषदेने २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव मंजूर केला. लोकांनी मते देऊन निवडलेल्या सभागृहाचा तो निर्णय होता. त्यानंतर मराठवाड्यात काय झाले हे नव्याने सांगण्याची गरज नाही. नांदेड जिल्ह्याने सर्वाधिक झळ सोसली. टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे ४ ऑगस्टला मारले गेले. सुगावचे जनार्दन मवाडे मारले गेले. वस्त्याच्या वस्त्या जळाल्या. विधानसभेच्या ठरावाचा सूड विधानसभेवर उगविता येत नव्हता, म्हणून तो वस्तीवर उगविला गेला. आणि वस्तीवर तो उगविता आला, कारण वस्ती निराळी होती. कोणते घर कोणाचे हे विचारावे लागत नव्हते. ओढ्यापलीकडची सारी घरे एकाच समूहाची होती. पुढे २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. १९९५ चे ते विक्रमी मतदान या घटनांनंतर अवघ्या एका वर्षाने झाले. त्या टक्क्यांत मत मागणारे होते, मताची किंमत मोजलेलेही होते. टक्केवारीत सारे एकच.

यंत्रे आली तेव्हा आपण सर्वांनी त्यांचे स्वागत केले. केंद्र बळकावून शिक्के मारण्याचे प्रकार त्यांनी अवघड केले, हे नाकारता येत नाही. २००४ पासून आपल्याकडील लोकसभेचे आणि विधानसभेचे सारे मतदान यंत्रावर होत आले आहे. परंतु यंत्रातील मते कागदासारखी मिसळता येत नाहीत. एका केंद्राचे यंत्र उघडले की त्या केंद्राचाच निकाल बाहेर येतो. प्रतिनिधी टेबलापाशी बसून तो उतरवून घेतात. पुढे केंद्रवार तक्ता अधिकृतपणे प्रसिद्धही होतो.

महाविद्यालयात शिकवीत असल्यामुळे निवडणुकीचे काम मला चुकत नाही. २०१९ साली मी एका खेड्यातील केंद्रावर केंद्राध्यक्ष होतो. मतदार यादी घरांच्या ओळीने केलेली असते. पाटलाचा वाडा, मारुतीचे देऊळ, बाजारपेठ असे करीत यादी पुढे जाते आणि शेवटच्या पानांवर आमची आडनावे सुरू होतात. सायंकाळी मी यंत्र बंद केले, नमुना १७ सी भरला, प्रतिनिधींना त्याच्या प्रती दिल्या आणि पेटीला मोहोर लावली. नियमाप्रमाणे सारे काही झाले. तरीही मला ठाऊक होते की हजार-बाराशे मतदारांच्या या केंद्रावर एखाद्या चिन्हाला जी मते पडतील, ती यादीच्या कोणत्या पानांवरून आली हे गावाला सांगण्यासाठी ज्योतिषी लागणार नाही. वस्तीतच केंद्र असेल तर मग हिशेबही करावा लागत नाही. दुर्बल घटकांच्या वस्तीत केंद्र ठेवावे हे आयोगाचे धोरण सद्‌हेतूचे आहे. त्यामुळे आमच्या माणसांना धाकाखालून चालत जावे लागत नाही. पण त्याच धोरणामुळे वस्तीचे मत स्वतंत्र ओळीत छापून येते.

त्याच वर्षी लोकसभेचा निकाल लागल्यावर, ऐन उन्हाळ्यात, मी लातूर जिल्ह्यात मावशीकडे गेलो होतो. गावात टँकरने पाणी येत होते. निकालापूर्वी टँकर एक दिवसाआड वस्तीत येई. निकालानंतर तो गावातच रिकामा होऊ लागला. मावशी निरक्षर आहे. तिने मला विचारले, "लेकरा, मशिनीतलं मत कुनाला कळत न्हाई म्हंतेत. मंग आमचा आकडा पारावर कसा आला?" व्हॉट्सॲपवरून केंद्रवार आकडे गावात फिरत होते. मी दोन पदव्या घेतलेला माणूस. तिला काय उत्तर द्यावे हे मला सुचले नाही.

आमच्या मतदारांस 'एकगठ्ठा' म्हणून हिणविण्याची प्रथा जुनी आहे. त्याच २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत नांदेडमध्ये वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवारास सुमारे १ लाख ६६ हजार मते पडली आणि काँग्रेसचा उमेदवार सुमारे ४० हजारांनी पडला. तेव्हा पराभवाचा दोष या मतदारांच्या माथी मारण्यात आला, जणू मत हे कोणाचे तरी येणे होते आणि ते बुडविले गेले. मी येथे कोणत्याही पक्षाचे समर्थन करीत नाही. प्रश्न एवढाच की इतर समाज आपल्या मर्जीने मत देतो तेव्हा त्यास कौल म्हणतात, आणि आम्ही देतो तेव्हा त्याचा हिशेब मागतात. हा हिशेब मागण्याचे साधन म्हणजे केंद्रवार आकडा.

वस्तुतः या दोन जिल्ह्यांतील मतदार किती विचाराने मत देतो याची अलीकडचीच दोन उदाहरणे आहेत. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीण मतदारसंघात दुसऱ्या क्रमांकाची मते कोणा उमेदवाराला न पडता 'नोटा'ला पडली. ती २७,५०० होती. दुसरे उदाहरण नांदेडचे. २० नोव्हेंबर २०२४ रोजी तेथे विधानसभेबरोबर लोकसभेची पोटनिवडणूकही झाली. लोकसभा मतदारसंघातील सहाही विधानसभा जागा महायुतीने जिंकल्या आणि लोकसभेची जागा काँग्रेसने १,४५७ मतांनी जिंकली. त्याच दिवशी, त्याच केंद्रांवर, पुष्कळांनी दोन यंत्रांवर दोन निरनिराळे निर्णय दिले. पडद्याआड माणूस स्वतःच्या बुद्धीने वागतो याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? 'नोटा'चा हक्क देणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ सालचा निर्णयही मुळात गुप्ततेच्याच तत्त्वावर उभा आहे. त्यापूर्वी कोणालाच मत द्यावयाचे नसेल तर ते केंद्राध्यक्षासमोर सांगावे लागे. एका मतदाराची ही गुप्तता न्यायालयाने मान्य केली. वस्तीची गुप्तता कोण मान्य करणार?

कायद्याला ही गोष्ट अज्ञात आहे असेही नाही. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने दलित-आदिवासींना मतदानापासून रोखणे किंवा विशिष्ट उमेदवारास मत देण्यास भाग पाडणे हा गुन्हा ठरविला. २०१५ च्या दुरुस्तीने पुढचे पाऊल टाकले. मतदानानंतर मारहाण करणे, सामाजिक वा आर्थिक बहिष्कार घालणे, सार्वजनिक सेवेचा लाभ अडविणे हेही गुन्हे झाले. मावशीच्या टँकरची गोष्ट या कलमात बसते. परंतु तिने तक्रार कोणाविरुद्ध करावी, आणि पाणी मतामुळेच अडले हे कसे सिद्ध करावे? एका हाताने कायदा सूड घेणाऱ्यास शिक्षा सांगतो आणि दुसऱ्या हाताने मोजणीची पद्धत त्याला सुडाचा पत्ता देते.

यावर उपाय आहे आणि तो फार अवघडही नाही. अनेक केंद्रांची यंत्रे जोडून त्यांची एकत्रित बेरीज देणारे 'टोटलायझर' नावाचे साधन वापरावे, असा प्रस्ताव निवडणूक आयोगानेच २००८ साली केंद्र सरकारकडे पाठविला होता. विधी आयोगाने मार्च २०१५ च्या आपल्या २५५ व्या अहवालात त्याला पाठिंबा दिला. केंद्र सरकारने विरोध केला. कोणत्या भागात आपले काम कमी पडले हे उमेदवाराला केंद्रवार आकड्यांवरून कळते, हा त्यामागील एक युक्तिवाद. हा युक्तिवाद मुंबई-दिल्लीच्या वसाहतींत कदाचित खरा असेल. आमच्या गावांत 'काम कमी पडले' याचा अर्थ कोणाचे काम बंद करावयाचे, असा लावला जातो.

दुसरा आक्षेप अधिक विचारात घेण्यासारखा आहे. आज मतमोजणीविषयी लोकांच्या मनात शंका आहेत. केंद्रवार आकडे झाकले तर गैरप्रकार शोधणे कठीण होईल, असे आपल्यातलेच कार्यकर्ते म्हणतात. याला उत्तर देता येते. एका केंद्रावर एकूण किती मते पडली हे नमुना १७ सी मध्ये नोंदलेलेच असते. ते प्रसिद्ध करावे, यंत्रातील एकूण संख्येशी पडताळावे. व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्यांची पडताळणीही चालू ठेवावी, परंतु तिचाही केंद्रवार तपशील गावात जाऊ नये. मिसळावयाची आहे ती फक्त कोणत्या उमेदवाराला किती ही विभागणी. अशा रीतीने मोजणीवरील पहारा राहील आणि वस्तीवरील झाकणही राहील.

या दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री दिले : शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण. याच दोन जिल्ह्यांत जवळजवळ पाचातला एक माणूस अनुसूचित जातींतील आहे. २००८ च्या पुनर्रचनेनंतर देगलूर आणि उदगीर हे विधानसभा मतदारसंघ राखीव आहेत. पण राखीव जागेवरील आमदारही साऱ्यांच्या मतांवर निवडून येतो, आणि त्याच्याही हाती तोच तक्ता असतो. कोणत्या वस्तीचे मत आपल्याला मिळाले नाही आणि कोणत्या वस्तीवाचून आपले अडले नाही, हे त्यालाही त्यात दिसते. दोष आपल्याही पदरात घेतला पाहिजे. हाच तक्ता दाखवून वस्तीची मते आपल्या खिशात आहेत असे सांगणारे आणि त्यांचा सौदा करणारे लोक आपल्यातही निपजले आहेत. आकडे मिसळले तर गावच्या पुढाऱ्याबरोबर या मध्यस्थांचेही दुकान बंद होईल. कदाचित म्हणूनच आपल्या गटातटांच्या जाहीरनाम्यांत ही मागणी मी अद्याप वाचलेली नाही.

राजकारणात एक माणूस एक मूल्य आणि समाजजीवनात मात्र विषमता, या विसंगतीचा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिला होता. ती विसंगती नाहीशी होण्यास काळ लागेल. तोपर्यंत दुर्बलाजवळ पडद्यामागचा तो एक क्षण आहे. त्या क्षणी सालगडी आणि मालक सारखे असतात. हा क्षण निकालाच्या दिवशी हिरावून घेतला जाऊ नये, एवढीच मागणी आहे. आपल्या संघटनांनी पुढच्या निवडणुकीची वाट न पाहता ती निवडणूक आयोगाकडे, विधानसभेत आणि संसदेत लावून धरावी. मावशीच्या प्रश्नाला उत्तर देणे मला त्या दिवशी जमले नाही. ते आपल्या सर्वांना मिळून द्यावयाचे आहे.